पहिली ओळ सोडायची

सोमवार, ३ नोव्हेंबर. लालबाग, बुऱ्हाणपूर

पोहोचले एकदाची! सकाळी गाडीतून उतरले तर फलाटावर तेजस्विनी उभी. पुण्याच्या जाहिरात कंपनीत चार वर्षं आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसून टूथपेस्ट आणि गाद्यांची स्तुती लिहिली. मग कंपनीला शोध लागला की स्तुती मशीनलाही जमते, आणि आम्ही एकाच शुक्रवारी घरी. ती आपल्या गावी, इकडे बुऱ्हाणपूरला आली आणि मी नाशिकला आईच्या स्वयंपाकघरात सल्ले ऐकत बसले. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला: 'इथे धंदेवाल्यांना लिहिणारं माणूस पाहिजे. काम हलकं, माणसं भली. निघून ये. मी आहे.' एवढ्यावर मी बॅग भरली. ही निशा कुणाच्या हाताखाली न राहता स्वतःच्या लिहिण्यावर जगून दाखवते की नाही, ते आता सगळ्या नातेवाइकांना कळेलच.

तेजू वाळली आहे. तिने घट्ट मिठी मारली आणि माझी बॅग स्वतः उचलली. स्टेशनबाहेर आल्यावर काहीतरी सांगायला थांबली, मग म्हणाली, काही नाही, आधी जिलेबी खा. इथली मावा जिलेबी काळीभोर आणि जड असते. दोन खाल्ल्या की माणूस कशालाही हो म्हणेल. मी तीन खाल्ल्या.

खोली स्टेशनजवळच मिळाली, दोन खिडक्यांची. भाड्याचा फॉर्म तेजूने मलाच भरायला लावला. तुझं अक्षर चांगलं, म्हणाली. पूर्वी माझ्या अक्षराला मुंग्यांची मिरवणूक म्हणायची. काळ बदलतो तो असा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवस नमुन्यांची फाइल काखेत मारून दुकानं पालथी घातली. तेजूने बजावलं होतं की इथे 'कंटेंट' हा शब्द काढलास की लोक चहा देतात आणि काम देत नाहीत. सरळ मालकाला भेटायचं आणि विचारायचं, तुमचे मेसेज, पत्रकं कोण लिहितं? उत्तर बहुतेक 'भाचा' असतं. मग भाच्याच्या चुका हसत हसत दाखवायच्या. फक्त भाचा शेजारी उभा नाही ना, तेवढं आधी बघून घ्यायचं. मी एका ठिकाणी बघितलं नाही.

नऊ दारं ठोठावली, तीन उघडली. एका कापडवाल्याला दुकानाचा इतिहास हवा आहे, एका दंतवैद्याला हिंदी-मराठी पत्रक, आणि एका क्लासवाल्या सरांना आईबापांसाठी पत्र. तीन म्हणजे फार झालं. संध्याकाळी तृप्तीला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. माझी धाकटी बहीण, यंदाच बीए झाली, आणि घरात बसून वैतागली आहे. लिहिण्याचा हात तिचा माझ्याहून चांगला आहे. हे तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज तेजूने आपलं स्वतःचं काम माझ्या हवाली केलं. मोतीबापू महाजन यांची केळीची आढत. खाली पेढी, मागे राहतं घर, वर बापूंची खोली. रोज सकाळी बापूंची चिठ्ठी सातशे शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाते. बाजार कसा आहे, आज माल कापावा की दोन दिवस थांबावं, थंडीत घडांना कशाने झाकावं, आणि जोडीला घरचं बोलल्यासारखी दोन वाक्यं. दापोऱ्यापासून पार तापीच्या पलीकडची माणसं ती वाचूनच विळा हातात घेतात म्हणे. बापू खूप म्हातारे झाले आहेत, कुणाला भेटत नाहीत. श्रीकांतकाका, म्हणजे त्यांचा मुलगा, बाजाराची माहिती सांगतात आणि लिहिणाऱ्याने ती बापूंच्या बोलीत उतरवायची.

चिठ्ठी हाताने लिहायची, नेपानगरच्या कागद गिरणीच्या पिवळसर कागदावर. मग दुसऱ्या सकाळी त्याचा फोटो जातो. पहिली ओळ सोडायची, ती बापू स्वतः भरतात. पान जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचं आणि जेवायला बसायचं. परत येतं तेव्हा वर थरथरत्या अक्षरात, काळ्या-निळ्या शाईत लिहिलेलं असतं: 'राम राम. कुशल असा.' आणि खाली शेवटी आपण लिहायचं: 'मी आहे.' बापूंची ही सही. नाव नाही, फक्त एवढंच.

म्हाताऱ्या माणसाचा हा हट्ट मला फार आवडला. माझं नाव कुठे येणार नाही, हे मात्र जरा टोचलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मोतीबापू मला जमू लागले आहेत! दुसऱ्याच्या आवाजात लिहायची माझी एक युक्ती आहे. त्या माणसाची जुनी पत्रं घ्यायची आणि दहा-दहा वेळा हाताने उतरून काढायची. वाचून आवाज डोक्यात जातो, उतरून काढला की मनगटात जातो. कुसुमकाकूंनी, श्रीकांतकाकांच्या बायकोने, बापूंच्या चिठ्ठ्यांची ट्रंकच उघडून दिली. चार दिवसांत साठ-सत्तर उतरवल्या. काकू म्हणाल्या, याआधी कुणी एवढं मनापासून नाही केलं. मी फुगले.

स्वयंपाकाच्या मालूबाई मात्र रोज कुरकुरतात की जेवण थंडं होऊन राहिलं, किती वेळ लावता. मी तर पान ठेवून लगेच येते. उजव्या बोटाला शाई लागते ती कुठून, तेही कळत नाही. मी बॉलपेनने लिहिते.

तेजू काल नेपानगरला भावाकडे निघून गेली. न भेटता. फोनही उचलत नाही. एवढी कसली घाई?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कापडवाले खूश, दंतवैद्य खूश. क्लासवाले सर नाहीत. त्यांनी पत्र परत दिलं आणि म्हणाले की मॅडम, हे तर केळीची चिठ्ठी वाटते. मी हसले, घरी येऊन पत्र वाचलं आणि हसू गेलं. आईबापांना मी लिहिलं होतं की घड भरल्याशिवाय कापू नका, पोर कोवळं आहे. शेवटी सही होती: मी आहे. हे मी कधी लिहिलं, आठवत नाही. कामाचा ताण असेल. दुसरं पत्र लिहायला बसले, तेही तसंच झालं. तिसरं लॅपटॉपवर केलं तेव्हा कुठे बरं उतरलं.

आज काकूंनी घरच्यांची चौकशी केली. मी तृप्तीचं कौतुक करत सुटले. तिच्या कविता, तिचं अक्षर. काकूंनी नाव दोनदा विचारलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात चिठ्ठीत थोडा जिवंतपणा यावा म्हणून मी मनाने एक ओळ घातली होती: दापोऱ्याच्या भागाबाईच्या सुनेला मुलगी होईल, जायफळ आणून ठेवा. नाव माझ्या मनातलं. अशी कुणी बाई मला माहीत नाही. आज दुपारी पेढीवर एक बाई पेढे घेऊन आल्या. दापोऱ्याच्या भागाबाई. सुनेला परवा मुलगी झाली. जायफळ आणलं होतं, म्हणाल्या, बापूंनी बरी आठवण केली.

माझ्या हातात पेढा तसाच राहिला. मी म्हटलं, बापूंना वर जाऊन सांगते, आनंद होईल. भागाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बापूले जाऊन चार साल झाले, बेटी. तापीवर मी खुद गेलती. पण चिठ्ठी येते ना सकाळी? मंग बापू हायेच."

पेढीवर सहा-सात माणसं होती. कुणी मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सातशे शेतकऱ्यांना, हमालांना, मालूबाईंना, तेजूला. ज्या हाताने चिठ्ठी लिहिली जाते, तेवढ्यालाच सांगितलं नव्हतं. मला इतकं मूर्ख बनवलं कुणी नसेल आजवर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दोन दिवस पेढीवर गेले नाही, खोलीतच बसले. आज गेले ती भांडायलाच. श्रीकांतकाकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बापू गेल्यावर आठ दिवस त्यांनीच चिठ्ठी लिहिली होती. शेतकऱ्यांनी ओळखलं, माल दुसरीकडे जाऊ लागला. मग लिहिणारा शोधला. पहिली ओळ मोकळी ठेवली ती बापूंचा मान म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. चौथ्या दिवशी ती भरलेली आली. लिहिणाऱ्याला सांगायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं. सांगितलं की हात अडतो.

मी विचारलं, भरतं कोण? काकू मला वर घेऊन गेल्या. खोलीत पांढरी गादी, लोड, उतरतं मेज, दौत आणि टाक. धूळ कुठेच नव्हती. गादीवर बसल्याचा खळगा होता, ताजा. काकू अगदी सहज बोलल्या, जशी काही रोजची गोष्ट.

"रोज अकराला तुम्हीच तर येता वर, बेटा. मी चहा पण विचारते. तुम्ही बोलत नाही."

मी बोट बघितलं. शाई ओली होती. मी दोन दिवस इथे आले नव्हते. मग कळलं की आले होते.

खोलीवर येऊन ही रोजनिशी उघडली. १८ तारखेपासून मी प्रत्येक पानाची पहिली ओळ सोडली आहे. का सोडली ते माहीत नाही, सवयीने असेल. त्या सोडलेल्या ओळी आता मोकळ्या नाहीत. थरथरतं अक्षर. राम राम. कुशल असा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

नेपानगरला जाऊन आले. तेजूच्या भावाचं घर शोधून काढलं. अंगणात बसून भाच्यांना पाटीवर अक्षरं गिरवून देत होती. प्रसन्न. हात सैल, अक्षर तिचंच, गोल गोल. मला पाहिलं आणि पाटी बाजूला ठेवली.

मी खूप बोलले. तू मला बोलावलंस, तू मला यात ढकललंस, चार वर्षं एका डब्यात जेवलो आपण. तिने एकदाही मला अडवलं नाही. मग म्हणाली, "मी 'येऊ नकोस' लिहिलं होतं, निशा. सच में. गेलं ते भलतंच."

मी फोन काढून तो मेसेज पुन्हा वाचला. शेवटचे दोन शब्द: मी आहे. महिनाभर माझ्या फोनमध्ये होते आणि मला दिसले नाहीत.

तिच्यावर दया यायला लागली होती, एवढ्यात ती पुढचं बोलली. "स्टेशनवर सांगायचं होतं, यार. पण तू गाडीतून उतरली आणि हात असा हलका झाला... मग नाही सांगितलं."

पळून उपयोग नाही, हेही तिनेच सांगितलं. ती इंदूरला गेली होती. तिथे हाताने कणकेवर लिहिलं, आरशावर लिहिलं. दुसरं कुणी लिहिणारं आलं, तेव्हाच हात सुटतो. निघताना ती रडत होती. मला रडू आलं नाही. मेसेज तिच्या हाताने गेला, ते मी माफ करते. ती जिलेबी मात्र तिने स्वतः खाऊ घातली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

राम राम. कुशल असा.

वरची ओळ माझी नाही.

चिठ्ठी लिहायची नाही म्हणून सकाळी उजवा हात ओढणीने खाटेला बांधला. अकरा वाजता गाठ सुटलेली. बारा वाजता बोटाला शाई. हात ओल्या गोणीएवढा जड आहे. हे मी डाव्याने लिहिते आहे, म्हणून वाकडं.

आईला पत्र लिहून बघितलं. पूज्य आई, एवढं लिहिलं. पुढे थंडीत घड झाकून घ्या, असं आलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा घड.

मला दुसरं काही येत नाही. ना स्वयंपाक, ना शिवण, ना गोड बोलणं. लिहिणं गेलं तर माझ्याकडे काय उरतं?

सोमवार, १ डिसेंबर

तृप्तीचा मेसेज. खूप सारे हसरे चेहरे. ताई, खरंच? मी येऊ?

मी काही पाठवलं नव्हतं. वर सरकवून बघितलं. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. माझ्याच फोनवरून—

'इथे धंदेवाल्यांना लिहिणारं माणूस पाहिजे. काम हलकं, माणसं भली. निघून ये. मी आहे.'

लगेच लिहिलं, येऊ नकोस. तीनदा लिहिलं. पाठवलं. मग वाचलं. तीनही वेळा गेलं होतं: ये. ये. लवकर ये.

बोलता येतं अजून. तोंड माझं आहे. उद्या फोन करेन.

बुधवार, ३ डिसेंबर

तिचाच फोन आला. तिकीट काढलं. उद्या सकाळी पोहोचते. आई रागावली आहे, पण जा म्हणाली. वही घेऊ का, की तिथे कागद मिळतो?

सांगायचं होतं. तोंड उघडलं.

त्याच क्षणी हात— जरासा. एक बोट. मग दुसरं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोटं माझी वाटली.

मी म्हटलं, स्वेटर आण, इकडे पहाटे थंडी असते.

एवढंच म्हटलं. फोन ठेवला. हे मी केलं. हात तर मांडीवर नुसता पडला होता.

उद्या सांगेन. समोरासमोर. फलाटावर, पहिल्या वाक्यात. तेजू नाही मी.

गुरुवार, ४ डिसेंबर. स्टेशन

बाकावर बसून लिहिते आहे. उजव्या हाताने! अक्षर बघ— मुंग्यांची मिरवणूक, माझीच. पहिली ओळ सोडली नाही. किती हलका हात—

ठरलं आहे. उतरली की सांगायचं. परतीची गाडी तासाभरात आहे, तिला तिच्यात बसवायचं. हात पुन्हा जड झाला तर होऊ दे. माझी बहीण आहे.

गाडी आली.

दारात उभी आहे, हात हलवते आहे. स्वेटर घालूनच आली वेडी. केवढी खूश—

लगेच नको. रात्रभर प्रवास झाला तिचा. आधी जिलेबी खाऊ दे, मग सां